फायद्याच्या पारड्याखालची लाख

जयपूरच्या आमच्या मराठी मंडळात मला ‘ॲटमवाल्या गावंडेताई’ म्हणतात. गणपतीत आरती झाली की बदली होऊन नव्याने आलेल्या बँकवाल्यांशी कुणीतरी माझी ओळख करून द्यायचं, आणि ते बिचारे नमस्काराचे हात अर्धवट जोडून एक पाऊल मागे सरकायचे. मग मी खुलासा करायची की मी अणूच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही, मी फक्त त्याच्याबद्दल बोलते. हे ऐकून त्यांना हायसं वाटायचं आणि मला जरा अपमान झाल्यासारखं व्हायचं.

माझी नोकरी होती मालवीय नगरातल्या एका सरकारी ऊर्जा दालनात. दालनाच्या पाच खोल्या. कोळसा, पाणी, वारा, ऊन आणि सगळ्यात शेवटी अणू. त्या शेवटच्या खोलीत मी बावीस वर्षं हातात छडी घेऊन उभी होते. शाळांच्या सहली, कोचिंगची मुलं, बचत गटांच्या बायका, जो येईल त्याला अणुवीज म्हणजे काय, तिचे फायदे काय आणि तोटे काय हे सांगायचं, हे माझं काम. खोलीतल्या अणुभट्टीच्या प्रतिकृतीचे दिवे तापू नयेत म्हणून सबंध दालनात फक्त माझ्या खोलीला एसी होता. त्यामुळे मे महिन्यात जयपूरकरांना अणुविज्ञानाची फार ओढ लागायची. एक गृहस्थ तर सलग तीन दुपारी आले आणि युरेनियमच्या तक्त्यासमोर बसून शांतपणे झोपले.

मी वाशीम जिल्ह्यातली. नवरा रेल्वेत सिग्नल खात्यात, त्याच्या बदलीबरोबर इथे आले. माझं हिंदी सुरुवातीला असं होतं की ‘गावंडे मैडम’चं ‘गाँव वाली मैडम’ झालं तेव्हा लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पहिल्याच आठवड्यात मी ‘अणुभट्टी’ची सरळ ‘भट्टी’ केली आणि शाळकरी मुलींपुढे छडी आपटून म्हणाले, “हमारी भट्टी बहुत सुरक्षित है, पुलिस का पूरा पहरा रहता है.” बरोबरच्या मास्तरांनी घाईघाईने मुलींना बाहेर नेलं. भट्टी म्हटलं की इकडेही दारूचीच आठवते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याहून मोठा घोळ जड पाण्याने घातला. आपल्याकडच्या बहुतेक अणुभट्ट्यांत एक खास पाणी लागतं. ते साध्या पाण्यापेक्षा वजनाला जास्त असतं, बनवायला अतिशय कठीण आणि म्हणून मौल्यवान. मराठीत जड पाणी, हिंदीत भारी पानी. आता जयपूरमध्ये ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही त्यालाही भारी पानीच म्हणतात. वाशीमलाही आम्ही अशा पाण्याला जडच म्हणायचो, पण ते मला तेव्हा कुठे आठवायला! दुर्गापुऱ्याच्या एका आजींनी माझं सगळं व्याख्यान ऐकलं, पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, “इतना महँगा बिकता है? बेटी, हमारे मोहल्ले में तो नल से यही आता है.” पुढच्या सोमवारी त्या मोहल्ल्यातल्या चौघी जणी भरलेल्या कॅन घेऊन जिना चढून आल्या. नमुना दाखवायला. आमचे साहेब माथुरजी यांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं, आणि मला बोलावून सांगितलं की यापुढे पाण्याबद्दल कमी बोलायचं.

बाहेरच्यांना वाटतं अणुवीज म्हणजे काहीतरी अगम्य. तसं काही नाही. ते पाणी उकळायचं यंत्र आहे. पाण्याची वाफ होते, वाफेने चाक फिरतं, चाकाने वीज होते. कोळशाच्या कारखान्यातही हेच. फरक एवढाच की इथे कोळशाऐवजी अणू फुटतात आणि त्यांची ऊब पाण्याला लागते. करंगळीच्या पेराएवढी इंधनाची गोळी ढीगभर कोळशाचं काम करते. धूर नाही, काजळी नाही, ऊन-वारा असो नसो वीज चालू. हे झाले फायदे. तोटे असे की जळून उरतो तो कचरा साधा नसतो. त्यातला काही आपल्या पणतवंडांच्या पणतवंडांनंतरही सांभाळत बसावा लागतो. अपघात क्वचित होतो, पण झाला तर गावंच्या गावं उठवावी लागतात. उभारणीला खर्च आणि वर्षं दोन्ही अफाट. आणि पाणी पुष्कळ लागतं, जे राजस्थानात आधीच मोजून मापून वापरतात.

हे सगळं मला झोपेतही म्हणता येतं. लोकांच्या प्रश्नांची उत्तरं मात्र पाठ करून भागायचं नाही. राजापार्कचे एक कापडवाले विचारायचे की त्यांच्या घरी येणाऱ्या विजेत अणूची वीज किती मिसळलेली असते आणि ती वेगळी काढून फक्त गिझरला देता येईल का. कारण गिझर सुनेच्या बाथरूममध्ये होता. एका गृहस्थांना मी किरणं मोजायचं यंत्र दाखवलं, पेट्रोमॅक्सच्या जुन्या, थोरियम असलेल्या जाळीजवळ ते टिकटिक वाजतं ते ऐकवलं, आणि सांगितलं की थोडीफार किरणं ग्रॅनाइटच्या ओट्यातूनही येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरण्यासारखं नाही हे शेवटचे शब्द त्यांच्या कानापर्यंत पोचलेच नाहीत. त्यांनी बायकोला दोन दिवस ओट्याजवळ जाऊ दिलं नाही आणि तिसऱ्या दिवशी तिने माझे आभार मानायला फोन केला.

आता तराजूची गोष्ट. ती सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं होतं.

माथुरजींना एकदा वाटलं की लोक नुसते ऐकतात, त्यांना काहीतरी करायला दिलं पाहिजे. त्यांनी किराणावाल्याकडे असतो तसा लहान पितळी तराजू आणवला, दोऱ्यांनी पारडी टांगलेला, वरच्या कडीला धरून उचलायचा. एका पारड्यावर लिहिलं ‘फायदे’, दुसऱ्यावर ‘नुकसान’. व्याख्यान संपलं की प्रत्येकाला एक फुटाणा द्यायचा. त्याने आपल्या मनाला पटेल त्या पारड्यात टाकायचा, आणि शेवटी मी तराजू उचलून निकाल दाखवायचा. पहिल्या दिवशी सातवीच्या मुलांनी निकालाआधीच सगळी मतं खाऊन टाकली. दुसऱ्या दिवसापासून राजमा आला.

तराजू बोलायला लागला तो माथुरजींना नको तेच बोलायला लागला. नुकसानीचं पारडं रोज खाली. मुलांना किरणांमुळे माणसाला तीन डोळे फुटतात ही कल्पना इतकी आवडायची की ती हावरटासारखी तिकडेच राजमा टाकायची. त्यात दिल्लीहून एक मोठे साहेब दालन बघायला येणार असल्याचं पत्र आलं. माथुरजी मला म्हणाले, “मैडम, तराजू जरा ठीक करवा लीजिए.” एवढंच. त्यांनी कसं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला जे समजायचं होतं ते मी समजले. घरी लाखेच्या बांगड्यांचा एक फुटका जोड पडला होता. तो मेणबत्तीवर मऊ केला आणि सुपारीएवढा गोळा फायद्याच्या पारड्याखाली चिकटवला. दहा-बारा राजम्यांचं काम तो एकटा करायचा. रिकामा तराजू मी मेजावर टेकवूनच ठेवायची, त्यामुळे कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं. साहेबांचं येणं महिनोन् महिने पुढे ढकललं जात राहिलं, आणि नंतर नंतर माझ्याही लक्षात राहीना. ‘देखिए, जनता समझदार है’ असं मी तराजू उचलून मोठ्या तोऱ्यात म्हणायची.

दिल्लीचे साहेब यायच्या चार दिवस आधी आमच्या जगतपुऱ्याच्या फ्लॅटवर एक पत्र आलं. सायलीला, आमच्या एकुलत्या एक मुलीला, अणुवीज प्रकल्पात नोकरी लागली होती. लांबच्या, आडगावच्या प्रकल्पात. होकार की नकार ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. सायली इथेच वाढली, इथल्याच कॉलेजात इंजिनियर झाली. तिची मराठी हिंदीच्या कुबड्या घेऊन चालते. ती नाचत आली आणि म्हणाली, “आई, सगळ्यात जास्त खुशी तुला व्हायला पाहिजे, मतलब तुझ्याच लाइनचं काम आहे!”

मी म्हणाले, बँकेची परीक्षा का देत नाहीस?

मग चार दिवस घरात मी जे तोटे सांगितले ते दालनात बावीस वर्षांत सांगितले नसतील. किरणं, गळती, अपघात, परदेशातली ओसाड पडलेली शहरं. प्रतिकृतीतल्या, धोका होताच पेटणाऱ्या लाल दिव्याबद्दल मी मुलांना जे अभिमानाने सांगायची तेच तिला दबक्या आवाजात सांगितलं. शेवटी नवऱ्याने पेपर खाली ठेवला. तो इतकी वर्षं राजस्थानात राहूनही वऱ्हाडीच बोलतो. “अवं, साऱ्या जयपूरले तू सांगतं का घाबराचं काम नाही म्हणून. आन् पोरीची बारी आली तं तुलेच घाम फुटून रायला?”

सायली हसली नाही. तिने विचारलं, “आई, तू लोकांना जे बोलते ते झूठ आहे का? की मला जे बोलते ते?”

मी डबा भरला आणि कामाला गेले. तोच साहेबांचा दिवस होता.

साहेब आले. हार झाले. प्रत्यक्ष लोकांबरोबर कार्यक्रम दिसावा म्हणून माथुरजींनी दुर्गापुऱ्याच्या बाजारातल्या भाजीवाल्या बायकांचा बचत गट बोलावला होता. त्यांची पुढारी सोहनीबाई, साठीची, हातभर पाटल्या, आवाज असा की माइकची गरज नाही. व्याख्यानात तिने एकच प्रश्न विचारला. “चूल्हो छै तो राख भी होसी. थांकी राख कठै न्हाको छो?” चूल आहे म्हणजे राख होणारच, ती टाकता कुठे? बावीस वर्षांत इतक्या कमी शब्दांत मला कुणी कचऱ्याचा प्रश्न विचारला नव्हता. मी पाठ केलेलं उत्तर दिलं, काच, पोलाद, काँक्रीट, खोल खड्डे, कायमची जागा अजून शोधताहेत. तिने मान हलवली. कबूल केलं की नाही ते कळलं नाही.

मग राजमा वाटला. बायका रांगेने पुढे आल्या, सगळ्यात पुढे सोहनीबाई. तिने राजमा पदरात बांधला आणि टाकायच्या आधी, भाजीवाली कुठल्याही तराजूला हात लावताना जे करते तेच केलं. रिकामा तराजू कडीला धरून उचलला. फायद्याचं पारडं धपकन खाली गेलं.

“ईं ताखड़ी मं तो पासंग छै, बाईजी,” ती म्हणाली.

पासंग हा शब्द आपण मराठी माणसं फक्त दुसऱ्याच्या मुलीला कमी लेखायला वापरतो. अमकीची सून तमकीच्या पासंगालाही पुरत नाही, वगैरे. पासंग म्हणजे रिकाम्या तराजूतला फरक, आणि तो भरून काढायला बांधलेलं वजन, हे मी तरी विसरून गेले होते. सोहनीबाई विसरली नव्हती. तिने पारडं उलटं केलं, लाखेचा गोळा नखाने खरवडला आणि साहेबांनाच दाखवला. “मंडी मं ओ काम करां तो लोग चप्पल मारै.” बायका खदखदून हसल्या. साहेबही हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की आपण हसायचं नाही. माथुरजी छताकडे बघत होते.

“ये किसने लगाया?” साहेबांनी विचारलं.

“मैंने,” मी म्हणाले.

सोहनीबाईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, एक दुकानदार दुसऱ्याकडे बघतो तसं. आणि मला कळावं म्हणून सावकाश म्हणाली, “माल चोखो छै तो पासंग क्यूं?”

माल चांगला आहे ना, मग पासंग कशाला? मला भयंकर लाज वाटली. साहेबांची नाही, मेमोचीही नाही. माल वाईट नाही असं मी खरंच मानत होते, आणि तरी मी त्याच्यावर विश्वास टाकला नव्हता. समोरच्या माणसांवर तर त्याहूनही नाही. मी केसातली पिन काढून सगळ्यांसमोर लाख खरवडून काढली. मग बायकांनी राजम्याचे दाणे टाकले. नुकसानीचं पारडं जरासं खाली राहिलं. सोहनीबाईचा राजमा तिकडेच होता. जाताना ती सांगून गेली की बत्ती चांगलीच आहे, पण राखेचं घर आधी बांधा.

मेमो आठवड्याने आला. ‘विषय : प्रदर्शनी के तराजू में पासंग पाए जाने के संबंध में.’ तराजूवर वजनमापे खात्याचा शिक्का का नाही, असंही त्यात विचारलं होतं. मी स्पष्टीकरणात लिहिलं की पासंग लाखेचा होता, काढला आहे, आणि तो शोधण्याचं श्रेय दुर्गापुरा भाजीबाजाराला द्यावं. शेवटचं वाक्य माथुरजींनी खोडलं.

पण हे पुढचं. त्या दिवशी साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेल्याबरोबर माथुरजी म्हणाले, “इसे कुछ दिन नजरों से दूर रखिए.” तराजू पिशवीत घालून मी रिक्षाने घरी आणला. सायलीने विचारलं हे काय, तेव्हा मी सगळं सांगितलं. लाख, सोहनीबाई, सगळं.

“पासंग मतलब?” तिने विचारलं. मी समजावून दिलं. ती म्हणाली, “तर ऑफिसमध्ये तू फायद्याच्या खाली लावला. आणि घरी माझ्यासाठी नुकसानच्या खाली.”

नवरा पेपरामागून म्हणाला, “आता कसं!”

रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, सायलीने तराजू जेवणाच्या मेजावर मांडला. राजमा घरात नव्हता, नवऱ्याच्या डब्यात फुटाणे होते. तिने अट घातली की प्रत्येक फुटाण्याला नाव पाहिजे, नाव नसेल तर टाकायचा नाही. आधी तिने रिकामा तराजू उचलून बघितला. सरळ होता.

मग आम्ही तिघं भांडलो. धूर नाही याला तिने पाच फुटाणे मागितले, मी तीन दिले, शेवटी चारवर तडजोड झाली. ऊन-वाऱ्यावाचून चालणारी वीज, त्याला नवऱ्याने भरघोस टाकले. सिग्नल अंधारात बंद पडला तर काय होतं ते त्याला माहीत आहे. कचऱ्याला मी तीन टाकले तर सायलीनेच आणखी दोन टाकले. सोहनीबाईचे, म्हणाली. अपघाताला, पाण्याला, खर्चाला. मग मला एक आठवण सांगावी लागली जी मी दालनात कधीच सांगितली नव्हती. प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा एका प्रकल्पासाठी उठवलेल्या गावाची नवी वस्ती बघितली होती. एका म्हाताऱ्याने मला कौतुकाने आपल्या नव्या घराचा मीटर दाखवला आणि विचारलं, बत्ती कब आएगी? त्या दुपारी त्यांची लाइट गेलेली होती आणि मागे प्रकल्पाच्या तारा दिसत होत्या. मी परत आल्यावर अहवालात लिहिलं की पुनर्वसन समाधानकारक आहे. सायलीने माझ्यासमोर डबा सरकवला. मी चार फुटाणे तोट्यात टाकले. तिने माझ्याकडे बघितलं आणि पाचवा स्वतः टाकला.

ती म्हणाली, “आणि मी तिथे गेले तर मतलब कोणीतरी एक असेल जो रिपोर्टमध्ये खरं लिहील.” त्याचा फुटाणा तिने फायद्यात टाकला. नवऱ्याने हरकत घेतली की हा फायदा विजेचा नव्हे. मी म्हणाले, असू दे.

डबा रिकामा होत आला. एक फुटाणा माझ्या मुठीत राहिला होता, घामाने ओला झालेला. तो मी नुकसानीत टाकला. सायलीने तराजू उचलला. नुकसान खाली.

“हा कशाचा?” तिने विचारलं. “नाव?”

मी सांगितलं. “तू लांब जाशील त्याचा.”

“मतलब न्यूक्लियरचा नाही.”

“नाही.”

तिने तो उचलला, क्षणभर बोटांत फिरवला, आणि तोंडात टाकून खाल्ला.

मग पुन्हा कडी धरून तराजू उचलला. पारडी बराच वेळ हलत राहिली. थांबली तेव्हा फायद्याची बाजू किंचित, अगदी किंचित खाली होती. मी खुर्चीवरून उठले, गुडघे दुखत असताना मेजाखाली वाकले आणि पारड्याच्या खालून बोट फिरवून बघितलं.

लाख नव्हती.